चाळिशीच्या आसपास बाळाचा विचार: कुठून सुरुवात करायची, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

माझी पहिली प्रेग्नन्सी ३९व्या वर्षी आणि ती नवव्या आठवड्यात संपली, दुसरी ४१व्या वर्षी आणि ती पार पडली, त्यामुळे या विषयावर कोणी विचारलं की मी जरा जास्तच बोलते, आधीच सांगून ठेवते. मी डॉक्टर नाही. पण त्या दोन-अडीच वर्षांत जे वाचलं, विचारलं, सोनोग्राफीच्या रांगेत बसून समजून घेतलं ते कोणीतरी मला सुरुवातीलाच क्रमाने सांगितलं असतं तर निदान सहा-आठ महिने वाचले असते, आणि या वयात सहा महिने म्हणजे चेष्टा नाही.

आजूबाजूला दोनच सूर ऐकू येतात. एक, "आता कसलं होतंय, वेळ गेली." दुसरा, "अगं ती नटी बघ, ४८व्या वर्षी जुळी झाली, तुला काय धाड भरलीय." दोन्ही ऐकून काहीही ठरवता येत नाही.

सगळ्यात आधी: दोन वयं वेगळी मोजा

मला हे कळायला फार उशीर लागला. एक असतं तुमच्या अंड्यांचं वय आणि दुसरं तुमच्या शरीराचं. दोन्हींचे धोके वेगळे, उपाय वेगळे, आणि लोक (कधीकधी डॉक्टरसुद्धा घाईत असले की) दोन्ही एकत्र कालवून बोलतात म्हणून आपला गोंधळ होतो.

अंडी आपण जन्मताना घेऊनच येतो, नवीन तयार होत नाहीत. आईच्या पोटात २० आठवड्यांचा गर्भ असताना ती साधारण ६० ते ७० लाख असतात, जन्मताना १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होते तेव्हा ३ ते ४ लाख, सदतिशीच्या आसपास २५ हजार आणि पाळी जाते तेव्हा जेमतेम हजारभर. पण आकड्यापेक्षा मोठी भानगड दर्जाची आहे. प्रत्येक अंडं जन्माआधीच विभाजनाच्या मध्यावर येऊन थांबलेलं असतं आणि ज्या महिन्यात ते बाहेर पडायचं तेव्हाच पुढचं काम सुरू करतं, म्हणजे चाळिशीतलं अंडं चाळीस वर्षं अर्ध्यावर थांबून होतं. तेवढ्या काळात क्रोमोझोमच्या जोड्या धरून ठेवणारे प्रोटीनचे बंध सैल होतात आणि ऐन वेळी वाटणी चुकते, एखादा क्रोमोझोम जास्त जातो किंवा कमी. दिवस लवकर न राहणं, गर्भपात होणं आणि डाउन सिंड्रोमसारखे दोष, ही तीन वेगळी संकटं वाटतात पण बऱ्याच अंशी तिघांचं मूळ हे एकच.

शरीराचं वय म्हणजे बीपी, शुगर, वजन, थायरॉइड, गर्भाशयातल्या गाठी, रक्तवाहिन्यांची तब्येत. नऊ महिने हा भार पेलणार कोण, तर हे.

आता यातून एक अगदी व्यवहारी गोष्ट निघते. चालणं, व्यायाम, वजन, झोप, बीपी-शुगर ताब्यात ठेवणं याने दुसरं वय खरंच सुधारतं, पण पहिलं नाही. ४२ वर्षांची मॅरेथॉन धावणारी बाई आणि ४२ वर्षांची जिना चढताना धापा टाकणारी बाई, दोघींची अंडी साधारण ४२ची. आणि उलट, दुसऱ्या तरुण बाईची अंडी घेतली तर पहिलं वय बदलतं, दुसरं तिथेच राहतं. कोणीही तुम्हाला काहीही विकायला आलं, गोळी, पावडर, ट्रीटमेंट, तर मनात विचारा की हे दोनपैकी कुठल्या वयावर काम करतंय.

पस्तीस हा आकडा नेमका काय आहे

पस्तिशीला काही खटका पडत नाही. या आकड्यामागे एक जुना हिशोब आहे. १९७०च्या दशकात गर्भजल काढून तपासायची पद्धत रूढ होत होती, त्यात गर्भपाताचा थोडा धोका असायचा, आणि आई साधारण ३५ची झाली की दोष सापडण्याची शक्यता आणि तपासणीतून गर्भपात होण्याची शक्यता जवळपास सारखी व्हायची, म्हणून तिथे रेष मारली. रेष कागदावरची, उतार मात्र खरा. तो तिशीत हळूहळू सुरू होतो, ३७-३८ नंतर जास्त तीव्र होतो आणि ४२-४३ नंतर जवळपास कडाच.

अजून एक. "३५ ते ३९ मधल्या तीनपैकी एका बाईला वर्षभरात दिवस राहत नाहीत" असं वाक्य खूप ठिकाणी वाचलं असेल. ते आलंय १६७० ते १८३० दरम्यानच्या फ्रान्समधल्या जन्मनोंदींवरून! तेव्हा ना अँटिबायोटिक ना काही. अलीकडच्या काळातल्या, २००४ साली आलेल्या एका युरोपियन अभ्यासात आठवड्यातून दोनदा संबंध ठेवणाऱ्या ३५ ते ३९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ८२ टक्के वर्षभरात गरोदर राहिल्या, २७ ते ३४ मधल्यांचा आकडा ८६ होता. म्हणजे फरक आहे, पण आकाश कोसळलेलं नाही. हा दिलासा मात्र पस्तिशीचा आहे, त्रेचाळिशीला लावू नका.

खरे आकडे, एकदाच, मग मागे लागायचं नाही

तिशीत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता साधारण २० टक्के असते, चाळिशीत ती ५ टक्क्यांच्या आसपास येते. गर्भपात तिशीच्या आत दहातल्या एकीचा वगैरे होतो, चाळिशीत साधारण तिघींतल्या एकीचा, आणि ४५ नंतर निम्म्याहून जास्त जणींचा. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता पंचविशीत साधारण १२५० मध्ये १, पस्तिशीत ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १, आणि पंचेचाळिशीत ३० मध्ये १.

यातला चाळिशीचा आकडा मी रात्री तीन वाजता वाचला होता आणि झोप उडाली होती. नंतर एका मैत्रिणीने साधं गणित उलटं करून दाखवलं, १०० मध्ये १ म्हणजे ९९ मध्ये नाही. धोका खरा आहे, तपासायचा आहे, पण तो असा वाचायचा.

पायरी १: आधी तपासणी, मग प्रयत्न

बहुतेक जणी उलटं करतात, मीही केलं. थेट प्रयत्न सुरू आणि आठ महिन्यांनी डॉक्टर. तसं करू नका. ठरवलं की त्याच महिन्यात जाऊन एकदा भेटा, "अजून प्रयत्न सुरू केले नाहीत, पण करायचेत" असं सरळ सांगा.

शरीरासाठी: बीपी, शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, रक्तगट, पॅप स्मिअर राहिली असेल तर ती, स्तनांची तपासणी, दातसुद्धा. आधीपासून डायबेटिस असेल तर एचबीएवनसी ६.५च्या खाली आणून मगच प्रयत्न सुरू करणं चांगलं, आणि १०च्या वर असेल तर थांबाच, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात आणि त्या वेळी शुगर चढलेली असेल तर जन्मजात दोषांची शक्यता बरीच वाढते.

रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का बघून घ्या. नसेल तर लस आधी घ्यावी लागते, प्रेग्नन्सीत देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं.

औषधांची यादी घेऊन जा. सगळी! हा भाग लोक विसरतात आणि उशिराच्या वयात तो जास्त महत्त्वाचा, कारण चाळिशीपर्यंत काही ना काही गोळी सुरू झालेली असते. बीपीच्या ज्या गोळ्यांचं नाव 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपतं त्या गरोदरपणात चालत नाहीत, लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा यांच्यावर बदलून देतात. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन ही तर नक्कीच बोलायची यादी. आणि हो, स्वतःहून एकही गोळी अचानक बंद करायची नाही, फिट किंवा बीपीची तर मुळीच नाही, आधी बदलून घ्यायची.

फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून ते बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं, म्हणून नंतर सुरू करून तसा उपयोग होत नाही. डायबेटिस, फिटची औषधं किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल तर डॉक्टर बराच जास्त डोस देतात, तो विचारून घ्या.

सिगारेट बंद, दारू बंद. सिगारेटने अंडी लवकर संपतात, पाळी एखाद-दोन वर्षं लवकर जाते, म्हणजे पहिल्या वयावर परिणाम करणारी ही एक गोष्ट आपल्या हातात आहे, फक्त ती वाईटाकडे नेणारी. चहा-कॉफी सोडायची गरज नाही, दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत ठेवा. खाण्याबद्दल वेगळं काही सांगत नाही, जे डॉक्टर कोणालाही सांगतात तेच.

अंड्यांसाठी: एएमएच ही रक्ताची टेस्ट आणि पाळीच्या सुरुवातीला सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या, मोजणं. इथे नीट ऐका, कारण एएमएचचा रिपोर्ट हातात घेऊन रडलेल्या मी कितीतरी बघितल्यात. एएमएच सांगतं साठा किती उरलाय, त्या साठ्याचा दर्जा सांगत नाही. ते कमी असलं म्हणजे नैसर्गिकपणे दिवस राहणारच नाहीत असं होत नाही, महिन्याला शेवटी एकच चांगलं अंडं लागतं. आणि ते छान आलं म्हणजे ४३व्या वर्षी अंडी तरुण झाली असंही नाही. त्याचा खरा उपयोग आयव्हीएफ (अंडं आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून भ्रूण आत सोडणं) करायचं झालं तर इंजेक्शनांनी किती अंडी मिळतील याचा अंदाज घ्यायला.

पायरी २: नवऱ्याची तपासणी पहिल्याच दिवशी

यावर मी भांडते. बायकांच्या दहा टेस्ट होतात, नळ्या तपासतात, आणि मग सहा महिन्यांनी कोणालातरी आठवतं की अरे, सेमेन ॲनालिसिस (वीर्याची तपासणी) राहिलंच. दिवस न राहण्याच्या केसेसमध्ये साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. ती सगळ्यात सोपी आणि न दुखणारी टेस्ट आहे, ती पहिली व्हायला हवी.

पुरुषाचं वय लागतच नाही हाही गैरसमज. शुक्राणू आयुष्यभर नव्याने तयार होतात हे खरं, पण प्रत्येक वेळी कॉपी करताना चुका साठत जातात, वडिलांच्या प्रत्येक वाढत्या वर्षामागे बाळात साधारण दोन नवे बदल जास्त येतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, तरी चाळिशी-पंचेचाळिशीनंतर गर्भपात, ऑटिझम आणि काही दुर्मिळ आजारांचा धोका थोडा वाढतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे त्याने आज सिगारेट सोडली, मांडीवर लॅपटॉप ठेवायचं बंद केलं, तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. आजच सांगा.

पायरी ३: प्रयत्न, आणि कुठे थांबायचं

दिवस राहण्याची खिडकी सहा दिवसांची, अंडं बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगतात, अंडं फक्त १२ ते २४ तास, त्यामुळे वाट बघत बसून "आज अंडं सुटलं" कळल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीपासून दिवसाआड संबंध ठेवणं जास्त कामाचं. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण दहाव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत. ॲप भरवशाचं नाही, ते फक्त मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. लघवीत बघायच्या ओव्ह्युलेशन किटने बरं कळतं, पण चाळिशीनंतर हॉर्मोन तसेही चढलेले असू शकतात, कधीकधी खोटा पॉझिटिव्ह येतो. आणि दर महिन्याचं हे वेळापत्रक नात्याला खाऊन टाकतं, कोणी सांगत नाही पण टाकतं. आम्ही शेवटी किटच फेकून दिलं आणि सरळ दिवसाआड ठरवलं, निदान भांडणं थांबली.

किती दिवस प्रयत्न करायचे: ३५च्या आत असाल तर वर्षभर, ३५ झालं की सहा महिने, आणि चाळिशी गाठली असेल तर थांबायचंच नाही, तपासण्या लगेच. पाळी अनियमित असेल, एंडोमेट्रिओसिस असेल, आधी नळीत गर्भ राहिला असेल किंवा दोन गर्भपात झाले असतील तर वय कितीही असो, थेट जा. "अजून थोडं बघूया" हे वाक्य डॉक्टरांनी म्हटलं तर विचारा, नक्की किती आणि कशाची वाट. माझे पाच महिने याच वाक्यात गेले.

पायरी ४: उपचारांबद्दल थोडं स्पष्ट

पहिली आयव्हीएफ बाळ जन्मली २५ जुलै १९७८ला, इंग्लंडमध्ये, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की आयव्हीएफ म्हणजे वयावरचा उतारा. नाही. आयव्हीएफ नळ्या बंद असतील, शुक्राणू कमी असतील तर कमाल करतं. पण ते तुमचीच अंडी वापरत असेल तर अंड्यांचं वय तिथेच. ३५च्या आत एका सायकलमध्ये बाळ हातात येण्याची शक्यता साधारण तिनात एक किंवा त्याहून चांगली असते, चाळिशी ओलांडली की ती दहा-पंधरा टक्क्यांवर येते, आणि ४४ नंतर पाच टक्क्यांच्याही खाली. क्लिनिकने मोठा टक्का सांगितला की तीन प्रश्न विचारा: हा टक्का कुठल्या वयोगटाचा, टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचा की बाळ घरी येण्याचा, आणि स्वतःच्या अंड्यांचा की डोनरच्या. तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याचदा समोरचा माणूस खुर्चीत हलतो.

डोनर एग घेतलं तर शक्यता अंडी देणाऱ्या मुलीच्या वयाप्रमाणे असते, घेणारी ३८ची असो की ४६ची, फार फरक पडत नाही. नट्यांच्या त्या बातम्या आठवा. पन्नाशी-साठीत झालेल्या बाळांमागे जवळपास नेहमी हेच किंवा आधी गोठवून ठेवलेली अंडी असतात, फक्त मुलाखतीत ते येत नाही, आणि ते सांगायला कोणी बांधील नाही हेही खरं. पण मग बाकीच्या बायका स्वतःला दोष देत बसतात. डोनर एगमध्ये बीपी चढण्याचा धोका मात्र स्वतःच्या अंड्यांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ४५ नंतर हा रस्ता धरायचा तर हृदय, बीपी, शुगर सगळं आधी कसून तपासून घ्या.

भ्रूण आत सोडताना एकच सोडा असा आग्रह धरा. "दोन सोडू, एक तरी राहील" हे ऐकायला गोड लागतं, पण जुळं म्हणजे वेळेआधी बाळंतपण, बीपी, शुगर या सगळ्याची शक्यता वाढवणं, आणि ते शरीराच्या वयावर भार टाकतं. भ्रूणाचे क्रोमोझोम तपासायची सोय असते, तिने गर्भपात टाळायला आणि वेळ वाचवायला मदत होऊ शकते, पण ती निवडते, दुरुस्त करत नाही. निवडायला चार भ्रूण तरी हवेत ना.

जोडीदार अजून नाही, किंवा आत्ता नको पण पुढे हवं असं असेल तर अंडी गोठवणं, आणि ते पस्तिशीच्या आतच खरं कामाचं. चाळिशीत गोठवलेली अंडी चाळिशीचीच राहतात. गॅरंटी कुठलीच नाही.

पायरी ५: पॉझिटिव्ह आल्यावरचे पहिले तीन महिने

टेस्ट आली की थायरॉइडची गोळी सुरू असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, डोस बहुधा वाढवावा लागतो. सहा-सात आठवड्यांत एक सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे ना बघा, कारण नळीत गर्भ राहण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतं. एका बाजूला जोरात दुखणं, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणं आणि अंगावरून रक्त जाणं असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. जुळंही तेव्हाच कळतं. वयानुसार जुळी जास्त होतात, उपचार न घेताही, कारण अंडं वाढवणारं एफएसएच हॉर्मोन चढलेलं असतं आणि एका महिन्यात दोन अंडी सुटतात.

आणि गर्भपात झाला तर. माझा झाला तेव्हा मी आठवडाभर शोधत होते की मी काय उचललं, काय खाल्लं, कुठे वाकले. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून जास्त क्रोमोझोमच्या चुकीने होतात, आणि आपल्या वयात हे प्रमाण आणखी जास्त. ती चूक अंड्यात तुम्ही जिना चढण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. पुन्हा प्रयत्नांना शरीराच्या दृष्टीने फार थांबावं लागत नाही, बहुतेकींना एक पाळी येऊन गेली की चालतं. मनाचं ज्याचं त्याने ठरवायचं.

पायरी ६: चाळणी कुठली आणि निदान कुठलं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून सावकाश.

११ ते १४ आठवड्यांच्या मधे एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि रक्ताची डबल मार्कर टेस्ट असते. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून होते आणि डाउन सिंड्रोमसाठी ती ९९ टक्के केसेस पकडते. या तिन्ही चाळण्या आहेत. चाळणीने धोका जास्त की कमी एवढंच कळतं. डबल मार्कर वयाचा आकडा हिशोबात धरते, त्यामुळे चाळिशीत रिपोर्ट "हाय रिस्क" येण्याची शक्यता तशीही जास्त, बाळ ठणठणीत असलं तरी. मला "८० मध्ये १" आलं होतं आणि फोनवर नुसतं "पॉझिटिव्ह आहे" एवढंच सांगितलं गेलं, पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका.

खात्री देणाऱ्या टेस्ट दोनच: ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन होणारी सीव्हीएस, आणि १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून होणारी ॲम्निओसेंटेसिस. त्यांत गर्भपाताचा धोका आहे, पण हात बसलेल्या डॉक्टरकडे तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी या टेस्टशिवाय कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही.

आणि एनआयपीटी निगेटिव्ह आली म्हणून १८ ते २२ आठवड्यांतला ॲनोमली स्कॅन टाळायचा नाही, हृदय, मणका, किडनी हे डीएनएवरून दिसत नाही. टेस्ट करण्याआधीच दोघांनी बसून बोला की रिपोर्ट वाईट आला तर आपण काय करणार. काहींना माहिती असून तयारी करायची असते, काहींना प्रेग्नन्सी पुढे न्यायची नसते, काहींना टेस्टच नको असते. तिन्ही ठीक. पण रिपोर्ट हातात आल्यावर पहिल्यांदा बोलायला बसलात तर फार जड जातं.

पायरी ७: उरलेले महिने, आता शरीराची परीक्षा

एनटी आणि ॲनोमली नीट गेले की अंड्याच्या वयाचे धोके बरेचसे मागे पडतात. आता दुसरं वय. बीपी, शुगर, वार खाली असणं, बाळाची वाढ कमी होणं, वेळेआधी कळा.

बाराव्या आठवड्याच्या भेटीत विचारा, "मला लो डोस ॲस्पिरिन लागेल का?" पस्तिशी किंवा चाळिशी, सोबत पहिली खेप, जास्त वजन, जुळं, आयव्हीएफ, आधीचं बीपी असं काही असेल तर प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी धोकादायक चढण्याचा आजार) टाळण्यासाठी ती १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करतात. २४व्या आठवड्यात आठवण येऊन फारसा फायदा नाही, म्हणून तेव्हाच विचारा. मनाने घेऊ नका मात्र.

शुगरची ग्लुकोजवाली टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत, आणि वय-वजन-घराण्यात डायबेटिस असेल तर सुरुवातीलाही एकदा. घरी बीपीचं मशीन असेल तर वापरा. १४०/९० किंवा वर दोनदा आलं तर फोन, १६०/११० आलं तर फोन नाही, थेट हॉस्पिटल. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं, उजवीकडे बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात एकदम सुजणं, यातलं काहीही "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं आणि दम लागणं हे रक्ताच्या गुठळीचं असू शकतं, त्याचा धोकाही पस्तिशीनंतर वाढतो. २८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालीची रोजची पद्धत ओळखून ठेवा, ती कमी वाटली तर त्याच दिवशी जा. उगाच आलात असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.

बाळंतपणाबद्दल: वय जास्त म्हणजे सिझरच, असं काही नाही. सिझरचं प्रमाण जास्त आहे, त्यात काही कारणं खरी आणि थोडी भीतीपण. पण चाळिशीनंतर ४० आठवड्यांपुढे वाट बघत नाहीत, कारण शेवटच्या दिवसांत पोटात बाळ दगावण्याचा धोका, एकूणात कमी असला तरी, तरुण आयांपेक्षा लवकर वाढायला लागतो. म्हणून ३९ आठवड्यांना कळा आणायचं सुचवतात. ३५ वर्षांवरच्या पहिलटकरणींवर झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत (२०१६) असं केल्याने सिझर वाढलं नाही असं दिसलं, त्यामुळे "कळा आणल्या की सिझर ठरलेलं" असं कोणी म्हटलं तर लगेच मनावर घेऊ नका.

पायरी ८: नंतर

प्रीएक्लॅम्पसिया बाळ झाल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतो, बीपी मोजणं घरी आल्यावर चालू ठेवा, वरची लक्षणं तीच. दूध वयामुळे कमी येतं असं मानायचं कारण नाही. दमणूक मात्र येते, पंचविशीतल्या बहिणीशी तुलना करू नका, आणि दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल तर ते दमणं नाही, डॉक्टरांशी बोला.

दुसरं हवं असेल तर एरवी दीड-दोन वर्षांचं अंतर सांगतात, आपल्याकडे तेवढा वेळ नसतो, म्हणून साधारण वर्षभराचा मधला रस्ता काढता येतो का हे सिझर झालंय की नाही बघून ठरवा. आणि नको असेल तर गर्भनिरोधक वापरा, आयव्हीएफने बाळ झालेल्यांनीसुद्धा! पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची असते. सत्तेचाळिशीत पाळी दोन महिने आली नाही की सगळ्या म्हणतात "जायला लागली वाटतं". असेलही. पण आधी साधी लघवीची टेस्ट करा, माझ्या ओळखीत एकीला पाचव्या महिन्यात कळलं.